अर्धलीची पोर

ताम्हिणी, १६ जुलै २०२४

ति. शिरीनआपा हिला,
सलाम, वि. वि.

पत्र बघून घाबरू नको, मी धड आहे. फोन गेला. धबधब्यापाशी पुण्याच्या पोरांचे फोटो काढून देत होतो, त्यांचा फोन नीट परत केला आणि माझा वरच्या खिशातून पाण्यात. तसंही ढाब्यावर रेंज येते ती फक्त म्हशी बसतात त्या दगडावर. वाल्मीक भाजीचा टेंपो घेऊन पिरंगुटला उतरतो, त्याच्या हाती हे देतोय. त्याला चहा पाज. तीन चमचे साखर घेतो बाबा.

मुद्द्याचं. शुक्रवारी पौडला दुकानात गेलो तर अब्बू बांगड्या पुसत सांगत होते, की पाळणाघरवाल्यांनी फी वाढवली, तुझी आणि दाजींची दोघांची स्कॉलरशिप त्यातच जाते. दाजींचं बी.एड. आणि तुझं नर्सिंग एकदम कशाला, एकानं घरी बसावं, असं त्यांचं मत. एकानं म्हणजे कोणी ते बोलले नाहीत. बोलायची गरजच नव्हती. मला इतका राग आला की एका बाईंना दोन मापाच्या बांगड्या बांधून दिल्या.

तर ऐक. उरवड्याच्या कारखान्यात होतो तेव्हा पगारातनं शेळी घेतली होती, तू लई हसलेलीस, ती काबरी आठवते? ती कासार आंबोलीत हेमलता मावशीकडे अर्धलीनं आहे. म्हणजे शेळी माझी, पाळायची तिनं, करडं होतील ती निम्मी-निम्मी. मावशी तिथं एका बंगल्याची राखण करते, लेक सुरतेला, दिवसभर एकटी. काबरीला दोन करडं झाली. माझं अर्धं मी तिला सोडलं, बदल्यात मन्तशाला तुम्ही कॉलेजातनं येईपर्यंत सांभाळणार. वडापच्या जीपनं पिरंगुटपासनं जवळच आहे. सोमवारपासून नेऊन सोड. कॉलेज सोडलंस तर मी तुझ्याशी बोलणार नाय.

दाजींना सलाम, मन्तशाला पापा. माया पातळ होऊ देऊ नको.
तुझा, अतीक


पिरंगुट, २ ऑगस्ट २०२४

चि. अतीक यास,
अ. उ. दुवा.

तुझ्या अक्षराला दाद द्यावी की वाल्मीकला, कळेना. पत्राला मुळ्याचा वास होता. पण अतीक, तू फार मोठं काम केलंस. मन्तशा पहिल्या दिवशी रडली, दुसऱ्या दिवशी करडांमागे पळाली, आता संध्याकाळी घरी यायलाच रडते. दोन वर्षांची मुलगी, पण अंगाला शेळीचा वास. अनिस म्हणतात, मुलगी न्यायला जातो आणि करडू घेऊन येतो. पाळणाघर बंद केलं. वॉर्डात आता माझं लक्ष घड्याळाकडे नसतं.

एक गोष्ट मात्र टोचते. करडांवर कुणी एवढं करतं का? मी दरमहा काही देईन म्हटलं तर मावशी हसतात. म्हणतात, पैशाचं काय काढतेस, ते अतीकशी ठरलंय. नक्की काय ठरलंय? तुझ्या ठरवण्याची मला भीती वाटते. आणि तो ढाबा तरी टिकव. उरवडं सोडलंस, वाकडचं गॅरेज सोडलंस. निदान तुझा पत्ता तरी एक राहू दे.

मला परीक्षेपर्यंत दुवेत ठेव.
शिरीनआपा


ताम्हिणी, ११ ऑगस्ट २०२४

ति. आपा,
सलाम, वि. वि.

धुकं असं आहे की काल मी गिऱ्हाईक समजून शेजारच्या ढाब्याच्या मालकालाच भजी वाढली. त्यानं खाल्ली पण. एकाचा बूट दरीत गेला, तो एका बुटावर पुण्याला गेला. मला वाटतं हा घाट एकदा पुरता उतरून बघावा, खाली कोलाडला नदीत होड्या सोडतात तिथं माणसं लागतात म्हणे. इथं बसून बसून पायाला मुंग्या येतात. बघू.

हां, ठरलं काय ते. काय नाय गं. मी म्हटलं करडं सगळी तुमची, पोरगी तेवढी सांभाळा. तर मावशीनं विचारलं, पोरगीबी अर्धलीनंच का? मी म्हटलं, व्हय, अर्धलीनंच. ती हसली, मी हसलो, चहा प्यायलो. एवढंच. मस्करी.

कांदा कापून आलोय, म्हणून अक्षर ओलं. आठवण ठेव.
अतीक


पिरंगुट, ३० ऑगस्ट २०२४

अतीक,

दुवा वगैरे आज नाही.

काल मन्तशाला आणायला गेले तर तिच्या डाव्या कानात चांदीची बाळी. कान सुजलेला. मला विचारलं नाही, अनिसना विचारलं नाही. आणि उजवा कान तसाच! मी विचारलं की हे काय, तर मावशी सरळ म्हणाल्या, डावा माझ्या वाटणीचा, त्यो टोचला. उजवा तुमचा, तुमच्या मनाला येईल तवा टोचा.

तुझी मस्करी. तू माझी मुलगी शेळीसारखी अर्धलीनं दिलीस, आणि त्या बाईनं ते खरं धरलं. रात्रभर मन्तशा त्या कानाला हात लावून कुरकुरत होती आणि मी रुग्णाला धीर कसा द्यावा हा धडा वाचत होते.

अनिस म्हणतात, मी बी.एड. सोडतो. मी म्हटलं, तुम्ही सोडलंत तर आयुष्यभर ऐकवाल, न बोलता. त्यापेक्षा मीच सोडते. प्रॅक्टिकल तोंडावर आलंय, हजेरी आधीच काठावर. आता चार दिवस जरी घरी बसले तरी वर्ष गेलंच. मन्तशाला मी तिथं पाठवणार नाही. अब्बूंना अजून सांगितलेलं नाही. ते काही म्हणणार नाहीत, फक्त मान हलवतील, आणि तेच मला सोसणार नाही.

तू जोडलेलं तूच मोडून ये. मग जा कोलाडला नाहीतर कुठंही.
शिरीन


कासार आंबोली, १ सप्टेंबर २०२४

ति. आपा,
सलाम. पाया पडतो, वि. वि.

रविवारच्या गर्दीत ढाबा सोडून आलोय. मालक म्हणाला परत येऊ नको, तर ते एक झालं.

मावशीला म्हटलं, अर्धल मोडायची. तिनं काबरीचा दोर माझ्या हातात दिला आणि आत गेली. मी रस्त्यावर. एसटी आली, कंडक्टर म्हणाला शेळीचं तिकीट नाय आणि शेळीवाल्याचं पण नाय. वडापवाला थांबलाच नाही. काबरी मागे बघून ओरडते, आतनं करडं ओरडतायत, मी मधी. कुठं नेणार होतो मी तिला, आपा? मला स्वतःला न्यायला जागा नाही.

परत गेलो. मावशी मन्तशाचं झबलं घडी करत बसली होती. मी म्हटलं, विचारायचं तरी होतं. तर ती म्हणाली, की इचारलं असतं तर तुमी नगं म्हणाला असता. पगारी बाई ठेवली असती तर शिरीनचं शिक्षण संपल्या दिवशी पोरगी उचलून नेली असती आन् बाईला कोण इचारतंय. सुरतंची नातवंडं मला मोबाईलात आजी म्हणत्यात, मग मोबाईल बंद. म्हून पगार घेतला न्हाई. अर्धलीत वाटणी ऱ्हाती. एक कान तरी माझ्या नावाचा ऱ्हाईल, म्हातारपणी बी. तरी पण सुजला त्ये माझं चुकलं, हळद लाव म्हनावं.

ती बाळी तिच्या स्वतःच्या कानातली होती, आपा. तिचा डावा कान मोकळा आहे.

मला मोडता आलं नाही. काबरी बांधून ठेवली. आता तू काय ते कर. मी पडवीत झोपतो आज, उद्या सकाळी दूधवाल्यासोबत हे पत्र पोचेल. तुझ्यासमोर यायची हिंमत नाही.

मारायचं तर मार, पण टाकू नको.
अतीक


पिरंगुट, १५ सप्टेंबर २०२४

चि. अतीक यास,
अ. उ. दुवा.

तुझं पत्र वाचलं आणि दुसऱ्याच दिवशी, मंगळवारी पहाटे मी तोंड न दाखवता मन्तशाला फाटकात सोडून पळाले होते. रागानं नव्हे, प्रॅक्टिकलला उशीर होत होता. परीक्षकांनी लहान मुलाला इंजेक्शन देताना आईला कुठं उभं करायचं असं विचारलं. मी म्हटलं, मुलाला दिसेल तिथं. पास झाले.

आज सुट्टी म्हणून गेलो. मी मावशींना म्हटलं, विचारल्याशिवाय पुन्हा काही करायचं नाही. त्या म्हणाल्या, बरं. मग मी माझ्या कानातली बाळी काढून दिली आणि उजवा कान टोचायला सांगितला. मन्तशाला मी मांडीवर धरलं, अनिस तिकडे तोंड करून उभे राहिले. आता तिच्या कानात दोन जातीच्या बाळ्या आहेत. अब्बू बघून म्हणाले, जोड चुकली. तू बांधून दिलेल्या बांगड्यांचीसुद्धा तक्रार आलीय.

पैशांचंही बोलले. करडांवर भागायचं नाही, मी दरमहा देणारच, असं सांगितलं. मावशींनी बराच विचार केला आणि कबूल झाल्या, पण अर्ध्याच पगाराला. म्हणाल्या, तुमच्या अर्ध्या पोरीचं घेते. माझ्या अर्धीचं मी कुणाकडनं घेऊ?

कोलाडला पोचलास असं वाल्मीक म्हणाला. होडीत नीट बस, फोन वरच्या खिशात ठेवू नको. करडू विकायचं झालं तर मावशी आधी तुला विचारणार आहेत, तेव्हा पत्ता कळवत जा.

लोभ मात्र अर्धलीनं नको, आख्खा असू दे.
तुझी, शिरीनआपा