वरच्या वाड्यांसाठी घ्यायच्या गाडीबाबत

मी, सज्जनबाई उत्तमचंद मुथा, राहणार घोडेगाव, तालुका आंबेगाव, धंदा किराणा दुकान, पूर्ण शुद्धीवर आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहून ठेवते. डॉक्टरांनी हृदयाची झडप बदलायला सांगितली आहे. ऑपरेशन सोपे आहे म्हणतात. मला झोप लागत नाही.

१. पतींच्या पश्चात माझ्या नावावर झालेले घर व दुकान मुलगा प्रितम आणि मुलगी सिद्धी यांना समान मिळावे. दुकान सिद्धीने चालवावे. प्रितमने पुण्याहून आल्यावर पाहुण्यासारखे बसू नये.

२. पिंपळवंडीचा प्लॉट विकून सिद्धीला मध्यम आकाराची, चारही चाकांना जोर मिळणारी पिकअप घ्यावी. प्रितमने मोबाईलवर एक लांबलचक गाडी पसंत केली आहे. "आई, लोक थांबून बघतील," म्हणतो. लोक बघत बसले तर माल कोण उतरवणार? शिवाय तळेघरच्या वळणांवर ती एका दमात वळणार नाही.

सिद्धी दुकानाचा माल वरच्या वाड्यांना पोचवते. गेल्या वर्षी श्रावणात मी हट्टाने तिच्याबरोबर वर गेले होते. माल उतरवून परत निघालो. आमच्या आताच्या गाडीचा मागचा भाग रिकामा होऊन हलका झालेला. वाटेतल्या चिखलाच्या चढावर चाके जागीच फिरली आणि गाडी तिरकी होत दरीकडे घसरू लागली. "आई, हलू नकोस," सिद्धी इतक्या शांतपणे म्हणाली की मी जास्तच घाबरले. आमचे गिऱ्हाईक भिका शेतातून माणसे घेऊन धावत आला. त्याने चाकांमागे दगड लावले.

"ताई, आमी मागं चढतो. वजन पडलं की हळूच घ्या."

"भाऊ, गाडी गेली तर?" मी ओरडले.

"मावशी, आता बोलू नका."

आणि ती माणसे घसरत्या गाडीवर चढली. चाकांनी माती धरली.

म्हणून गाडीचे पोट जमिनीपासून उंच असावे. चढासाठी लो गिअर असावा, एक चाक रिकामे फिरले तरी दुसऱ्याला जोर मिळावा, टायर चिखलाचे असावेत. मागे सीट हवी. आजारी माणूस खाली आणावा लागतो. दुरुस्ती मंचरला व्हावी. शोरूमबाहेरच्या डांबरी रस्त्यावर भुलू नये. सिद्धीने कच्च्या चढावर रिकामी आणि भरलेली, दोन्ही चालवून पाहावी. तिला नको वाटली तर प्रितमने तोंड उघडू नये.

३. माझ्या पाटल्या भिकाच्या लेकीला द्याव्यात. तो नको म्हणेल. द्याव्यात.

४. "पोरीच्या हातात घाटात गाडी?" असे चारचौघांत म्हणणाऱ्या माझ्या धाकट्या दिरांना त्या गाडीत बसवू नये. फार आजारी असतील तर बसवावे.

५. सिद्धीने वर जाणे बंद करावे, अशी अट मी घालणार होते. तिला सांगितले. ती म्हणाली, "घर दे, दुकान दे. तुझी भीती नको माझ्या नावावर करूस." अट घातलेली नाही. तिला स्वतःला नको वाटेल तेव्हा तिने गाडी विकावी. कोणी कारण विचारू नये.

साक्षीदार चहा घेऊन बसले आहेत. सिद्धी डिंभ्याच्या वर गेली आहे, पाऊस लागला आहे, फोन लागत नाही. मी म्हटले, जरा थांबू.

आली. गाडीचा आरसा मोडून आणला आहे आणि हसते आहे. सही करते.

सज्जनबाई उत्तमचंद मुथा

वरील सही आम्हा दोघांसमक्ष झाली. बाईंची शुद्ध पूर्ण होती.
साक्षीदार : भरत काळे, मोहिनी शेटे
घोडेगाव, ३ जुलै २०२५