निळीचे पाच डोंगर

१४ ऑक्टोबर, मंगळवार

प्रिय दादा,

नमस्कार. अकरा वर्षांनी माझं पत्र बघून वहिनी म्हणतील, आता हिला काय हवंय! त्यांनाही नमस्कार सांग, आणि म्हणावं, काही नकोय, द्यायचंय. तुझा गुडघा कसा आहे? मी ठीक. चष्म्याचा नंबर वाढलाय. डिंकाच्या वासानं खोकला येतो असं डॉक्टर म्हणतात, आणि रोपं कागदावर चिकटवायचं काम काही सुटत नाही. आपल्या वनस्पतिसंग्रहाच्या खोलीतली ती खिडकी अजून लागत नाही. तू लावलेला पुठ्ठाच आहे तिथे.

बघ, कशी टाळाटाळ चाललीय माझी. माझ्या अक्षराचं कौतुक म्हणून तू मला बोरू म्हणायचास. आज हे कोंबडीचे पाय बघून काय म्हणशील कोण जाणे.

काल दुपारी तुझ्या निळीचे कागद दुरुस्तीला काढले. तिचं खरं नाव लांबलचक लॅटिन, पण आपण दोघं निळीच म्हणायचो. पाच कागद, पाच वाळलेली रोपं, कोपऱ्यातल्या लेबलांवर पाच डोंगरांची नावं. याच लेबलांच्या जोरावर सरकारी यादीत तिच्यापुढे 'धोका नाही' असं छापलेलं आहे. तिसऱ्या कागदावरचं रोप सुटत आलं होतं, म्हणून ओल्या ब्रशनं अलगद उचललं. खाली एक चौकोनी घडी चिकटलेली. मला वाटलं, रद्दीचा तुकडा. उलगडली, तर पेन्सिलीनं लिहिलेलं तुझं अक्षर!

"पाचही रोपं एकाच माथ्यावरची. उत्तरेची भेग. बाकीचे चार डोंगर पालथे घातले, कुठेही नाही."

पायाखालची जमीन सरकणं म्हणजे काय ते काल कळलं. पलीकडच्या टेबलावरून कुणीतरी विचारलं, "बरं वाटत नाही का तुम्हाला?" हातातला ब्रश तिथेच वाळून कडक झाला.

बारा वर्षांपूर्वी ही रोपं आली तेव्हा मी नवी होते, कायम व्हायची वाट बघत होते. तू पुन्हा डोंगरात गेला होतास. तुझा गठ्ठा उघडला, तर त्यात रोपं होती, चिठ्ठी दिसली नाही. तू येईपर्यंत थांबायला हवं होतं. पण साहेबांना संध्याकाळी कागद हवे होते आणि मला हुशारी दाखवायची होती. तुझ्या डायरीत त्या मोसमात चढलेले पाच डोंगर होते, आणि रोपंही पाच. दिली वाटून! एकेकाला एकेक डोंगर, सुबक अक्षरात, खाली तुझं नाव. त्या घाईत चिठ्ठी मीच माझ्या हातांनी रोपाखाली चिकटवून टाकली. हे मला काल कळलं. बाकीचं मात्र पहिल्यापासून माहीत होतं.

पुढच्याच वर्षी त्या माथ्यावर टॉवर उभारायचा म्हणून बैठक झाली. तू उठून म्हणालास, "हे फूल या एकाच माथ्यावर आहे. तो फोडलात की संपलं." साहेबांनी ते पाच कागद तुझ्यापुढे टाकले. "मग यावर नाव कुणाचं आहे?" तू लेबलं बघितलीस, मग माझ्याकडे बघितलंस. "गठ्ठ्यात चिठ्ठी घातली होती मी," एवढंच म्हणालास.

साहेबांनी मला विचारलं. मी म्हणाले, "चिठ्ठी नव्हतीच."

"हे अक्षर हिचं आहे," एवढं तू म्हणाला असतास तर माझी नोकरी गेली असती. तू म्हणाला नाहीस. सगळ्यांनी तुला खोटारडा ठरवलं, तू राजीनामा दिलास आणि मी कायम झाले. तू बोलणं टाकलंस, तेव्हा मीच रुसून बसले! मला लाज वाटते, दादा. तूच काहीतरी विसरला असशील, अशी अकरा वर्षं मी स्वतःची समजूत घालत आले.

माथ्याची दक्षिण बाजू टॉवरनं खाल्ली. येत्या सोमवारपासून रस्त्यासाठी उत्तर बाजू फोडणार होते. परवानगीच्या कागदावर माझेच पाच डोंगर आहेत.

आज सकाळी चिठ्ठी घेऊन नव्या साहेबांपुढे उभी राहिले.

"हे तुमच्या भावाचं अक्षर. मग लेबलं कुणी लिहिली?"

"मी."

"काय बोलताय कळतंय ना? नोकरी जाईल."

"कळतंय. लिहून देते."

दिलं लिहून. त्यांनी वर कळवून काम आठ दिवस पुढे ढकलून घेतलं. म्हणाले, "तेवढ्यात एक तरी जिवंत रोप दाखवा. नाहीतर माझ्या हातात काही नाही."

निळीच्या नोंदीतल्या चार डोंगरांवर मी लाल रेघ मारली. पाचव्यापुढचा 'सद्यस्थिती'चा रकाना रिकामा ठेवलाय. ती भेग मला माहीत नाही. तो डोंगर मी कधी चढलेच नाही, नुसतं त्याचं नाव छान लिहिलं. जागा तुला एकट्यालाच ठाऊक आहे. त्या गुडघ्यानं ये, असं कुठल्या तोंडानं म्हणू? पण ये. शिव्या दे, वाटल्यास एक शब्द बोलू नकोस. रविवारी सकाळी मी पायथ्याशी उभी असेन.

चिठ्ठी होती, दादा.

तुझी,
बोरू