टाकीच्या भिंतीतलं भोक

चंडीगड, सेक्टर १५
मे १९८८

ती. दामोदरमामांस,

हेरंबचा साष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा आणि मामींचा दमा, दोन्ही आटोक्यात असतील अशी आशा करतो. "पंजाब पेटलाय, कराडच्या कॉलेजात तुझ्यासाठी जागा बघून ठेवली आहे, गाशा गुंडाळून या," हे तुमचं पत्र पोचलं. उत्तराला उशीर झाला, कारण आमच्या टाकीला भोक पडलं. (पाडलं. मीच.)

गच्चीवर सिमेंटची एकच टाकी, मधे विटांची भिंत. अर्धी आमची, अर्धी शेजारच्या कुलवंतसिंगांची. हल्ली पाण्याला जोर नाही, ते त्यांच्या बाजूला कसंबसं चढतं, आमच्याकडे नुसती हवा. त्यात कर्फ्यू, प्लंबर कुठून येणार? तुमच्या सूनबाईने, विनयाने, खरकट्या भांड्यांचा ढीग दाखवून विचारलं, की कॉलेजात तुम्ही पाण्याचंच शास्त्र शिकवता ना? मामा, हे वर्मी लागलं. भोकाचा व्यास, पातळीतला फरक, त्याचं वर्गमूळ, सगळं मांडलं. इंचभर भोकातून पाणी इतकं हळू येणार होतं, की शेजाऱ्यांना पत्ताही लागू नये. मग आमच्या कोरड्या अर्ध्यात उतरून छिन्नी लावली. दुसऱ्याच घावाला अख्खी वीट निखळली आणि माझी आंघोळ झाली.

गणित मात्र चुकलं नव्हतं. दोन्हीकडची पातळी अगदी सारखी झाली. फक्त घरात पाणी नेणारे पाइप त्या पातळीच्या वर राहिले (हे मी धरलंच नव्हतं), त्यामुळे आता पाणी दोघांनाही नाही. तेवढ्यात कुलवंतसिंग केसांना साबण फासलेल्या अवस्थेत वर आले. मी टाकीत, हातात छिन्नी. वाटलं, हा गडी मला इथेच बुडवतो. (तेवढं पाणी नव्हतं.) त्यांनी वाकून भोक पाहिलं आणि एवढंच म्हणाले, "प्रोफेसर साब, बोल देते. बाल्टी भर देता." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांच्या आई, बीजी, यांनी भरून ठेवलेल्या पाण्यातली एक बादली लेकाच्या डोक्यावर ओतली आणि दोन आमच्याकडे पाठवल्या, वर परोठे. कर्फ्यू लागला की आमची माणसं घरात आली का, हे आधी त्याच येऊन बघतात.

कराडचं विचार करून कळवतो. मामींना नमस्कार.

आपला,
हेरंब

ता. क. भोक बुजवायचं तर टाकीचे दोन्ही अर्धे रिकामे करावे लागतील. कुलवंतसिंग म्हणतात, रहने दो जी. विनयाही म्हणते, राहू दे. तेव्हा कराडची जागा दुसऱ्या कुणाला द्यायला सांगा.

पुन्हा ता. क. तुम्ही पाटबंधारे खात्यात जन्म काढलात, तेव्हा पाइप किती खाली आणायचे, तेवढं उलट टपाली कळवा. दोन्ही घरांचे.