रांगोळीतलं लंडन

बाबा, तुम्ही शेगडीसमोर उकिडवे बसला आहात आणि मी तुमच्या पाठीला टेकून उभी आहे. सकाळ झाली आहे. आईने नळावरून दोन हंडे आणून ठेवलेत, मोरीत भांडी पडलीत आणि ती राखेने घासायचं काम माझं आहे, पण तुम्ही घरी असलात की शेगडी पेटेपर्यंत मी हलत नाही. बोटीवरून सुटून आलात की पहिल्याच सकाळी तुम्ही आईच्या हातून चिमटा काढून घ्यायचात. ती फुंकणी शोधायला लागली तर म्हणायचात, कोळशाला फुंकर मारायची नसते, त्याला वाट द्यायची असते. खाली बारीक, वर जाड, मधे बोटभर पोकळी. बोटीच्या पोटात भट्टीपुढे उभं राहून फावड्याने कोळसा टाकणारे तुम्ही आगवाले, पण आमची ओंजळभर शेगडी इतक्या निगुतीने रचायचात की आई तोंडाला पदर लावून हसायची. कोळसा लाल होईपर्यंत तुम्हाला दुसरं काम नसायचं, आणि तेवढ्या वेळात तुम्ही मला लंडन सांगायचात.

गोदीच्या फाटकातून बाहेर पडलं की उजव्या हाताला गिरणीएवढी इमारत, तिच्यावर घड्याळ. पुढे रस्त्याला दोन फाटे. फाट्याच्या टोकावर चहाचं दुकान, आत संगमरवरी टेबलं, गल्ल्यावर एक म्हातारी मडम, ती तुम्हाला ओळखायची आणि चहाबरोबर एक बिस्कीट जास्त द्यायची. डाव्या रस्त्याने गेलं की घोड्यांना पाणी पाजायचं दगडी कुंड, मग चढ, मग पूल, आणि पुलाखाली नदी. मला हे पाढ्यासारखं पाठ होतं. तुम्ही काही विसरलात तर मी सांगायची, बाबा, कुंड राहिलं. त्या दिवशी मी निराळंच विचारलं. तिथे झाडं कसली असतात? तुम्ही चिमट्याने एक कोळसा उचललात आणि पुन्हा तिथेच ठेवलात. मी पुन्हा विचारलं. तेव्हा तुम्ही इतक्या जोरात ओरडलात की आई मोरीतून बाहेर आली. "जा, भांडी घास. सदान्‌कदा आपली विचारत असते." तुम्ही माझ्यावर ओरडल्याचं मला एवढं एकदाच आठवतं. मी भांडी घासली, जेवले नाही. दुपारी तुम्ही ट्रंकेतून पत्र्याचा चपटा डबा काढून माझ्या मांडीवर ठेवलात. आत सहा निळ्या पेन्सिली होत्या. तुम्हाला लिहिता-वाचता येत नव्हतं, मला शाळेत कोणी घातलं नव्हतं. तुम्ही म्हणालात, काहीतरी काढ. मी मिठाच्या पुडीचा कागद सरळ केला आणि त्याच्यावर छापलेलं अक्षर बघून बघून खाली तसंच काढलं. माझं वाचणं तिथून सुरू झालं, बाबा. पुढे पुड्यांचे कागद, मग भिंतीवरच्या जाहिराती, मग पुस्तकं. कोणी शिकवलं विचारलं तर मी सांगते, बोटीवरच्या पेन्सिलींनी.

तुम्हाला जाऊन तीस वर्षं व्हायला आली. मला नवरा चांगला मिळाला. गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते. रद्दीवाल्याकडून वजनावर जुनी पुस्तकं आणायचे आणि पाळी संपवून आले की पाय पसरून म्हणायचे, वाच. स्वतः ऐकायचे. मूलबाळ झालं नाही, त्यामुळे आमच्या खोलीत बोलणं असायचं ते पुस्तकातल्या माणसांचं. त्यांना तुमचं लंडन पाठ झालं होतं; हसायचे, पण मडमेची चौकशी करायचे. शेवटच्या आजारात एकदा म्हणाले, "माझ्या फंडाचे पैसे जपून ठेवू नको. तुझ्या बापाचं लंडन एकदा बघून ये." त्यांना जाऊन सहा वर्षं झाली. माझं रडून झालं आहे. पण अजून मी पुस्तकाच्या पानाचा कोपरा दुमडत नाही, कारण त्यांना ते आवडायचं नाही, आणि चांगलं वाक्य आलं की त्यांच्यासाठी थांबते.

तर मी जायचं ठरवलं. हसू नका. शेजारच्या वैनींची मुलगी दोन वर्षांपूर्वी नर्स म्हणून तिकडे गेली आहे. तिने लिहिलं, मावशी, माझी खोली एवढीशी आहे, पण दोन माणसं आडवी होतात. तुम्ही आलात तर निदान मला भाताबरोबर काहीतरी मिळेल. पासपोर्टासाठी आमच्या ओळखीच्या एका डॉक्टरांनी हमी दिली. मी एका वहीत मागच्या पानापासून लिहायला घेतलं. काय काय फुकट बघता येतं, कोणत्या दिवशी, कुठे चालत जाता येतं. बरोबर न्यायला भाजणी, मेतकूट, सुके बोंबील तीन फडक्यांत बांधून, कारण बोटीवरचे लोक वासाची तक्रार करतात हे तुमच्याकडूनच ऐकलेलं. बोटीच्या सर्वांत खालच्या दर्जाचं तिकीट, त्याचे थोडे पैसे भरले होते, बाकीचे महिनाअखेरपर्यंत भरायचे होते. नवरा गेल्यावर मी खोलीतच खानावळ घातली; तिथे जेवणारे गिरणीतले गडी सध्या रोज मोर्चाला जातात. घोषणा देऊन घसे बसलेले असतात, त्यामुळे जेवताना पंगत शांत असते. तरी त्यांतला एक मला म्हणालाच, "मावशी, आम्ही मुंबईसाठी लाठ्या खातोय आणि तुम्ही सरळ लंडनच मागताय?" मी त्याला म्हटलं, "तुम्ही मुंबई घेऊन ठेवा, मी येतेच."

फक्त कोट राहिला होता. वैनींच्या मुलीने प्रत्येक पत्रात बजावलं होतं, बाकी काही नसलं तरी चालेल, पण कोटाशिवाय बोटीतून उतरू नका. लुगड्यावर कोट घालायचा या कल्पनेनेच मला कसंतरी होत होतं, म्हणून मी ते पुढे ढकलत होते. आणि तिला मी एक काम सांगितलं होतं. गोदीजवळचं ते चहाचं दुकान शोधून ठेव, संगमरवरी टेबलांचं. तिचं उत्तर आलं की दोन रविवार फिरले, सापडलं नाही, लढाईत बॉम्ब पडून तिकडचं पुष्कळ गेलं, त्यात गेलं असेल. मला ते पटलं. मडमेचं वाईट वाटलं.

मग एका सकाळी वाटलं, रस्ता हाताखालून जाऊ द्यावा. सडा टाकून गॅलरी धुतली होती, ऊन यायचं होतं. आपल्या दाराशी मी रांगोळीने तुमचं लंडन काढायला बसले. ठिपके मांडले नाहीत, तुम्ही सांगायचात तसंच चिमटीने ओढत गेले. फाटक. उजवीकडे घड्याळ. दोन फाटे, टोकाला दुकान. डावीकडे कुंड, चढाची तिरकी रेघ, पूल, नदी. नदीला मी दोन समांतर रेघा काढल्या. इतकी वर्षं तोंडात होतं ते पहिल्यांदा डोळ्यांपुढे आलं आणि मला फार सुंदर वाटलं. शेजारच्या वैनी तांदूळ निवडायचं सूप घेऊन बाहेर आल्या. त्या मालवणच्या, मनात येईल ते बोलतात. थोडा वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "गो, ह्या काय काढलंस? आपलो गिरणीकडचो नाको?" मी म्हटलं, नाही, लंडन. त्या खाली बसल्या आणि बोट न लावता दाखवू लागल्या. ही गिरणी, दारावर घड्याळ. हा आपला फाटा, टोकाला इराणी. हे बैलाघोड्यांचं कुंड, आता बुजवलंय ते. "आणि ह्यो चिंचपोकळीचो पूल. खाली रेल्वे लायन." मग माझ्या तोंडाकडे बघून त्या सूप घेऊन आत गेल्या.

मी तिथेच बसून राहिले. घड्याळ तेच होतं, पाळी संपल्यावर मी नवऱ्याची वाट बघायची त्या दारावरचं. चाळीस वर्षं त्या रस्त्यांवरून मी रोज गेले आहे, भाजीला, दळणाला, एकदा तुमच्या तिरडीमागून, एकदा त्यांच्या तिरडीमागून, आणि मला कधी दिसलं नाही. जमिनीवर काढल्याशिवाय आपलीच वाट आपल्याला ओळखता येत नाही.

तुमच्याबरोबर भट्टीवर असलेले एक काका घोडपदेवला मुलाकडे राहतात, हे मला माहीत होतं. डोळे गेलेत, पण कान शाबूत आहेत. मी त्यांना सरळ विचारलं, माझे बाबा लंडनमध्ये कुठवर फिरले होते? काकांनी आधी चाचपून दार लोटून घेतलं. मग म्हणाले, "तुझो बापूस खाली उतरलो नाय गो. एकदासुद्धा नाय." भट्टीवर तुम्ही तिघं होता आणि तिघांत थंडीचा कोट एक. बोट धक्क्याला लागली की ज्याची पाळी त्याने कोट घालून गावात जायचं. तुमची पाळी आली की तुम्ही ती दुसऱ्याला द्यायचात. बदल्यात दोनच गोष्टी मागायचात, येताना पोरीसाठी काहीतरी आण, आणि काय बघितलंस ते मला सांग. "डबो मीच आणलेलो," काका म्हणाले, "निळ्या पेन्सिलींचो." आणि आल्यावर तुम्ही त्यांना काय सांगायचात, मी विचारलं. ते ओशाळून हसले. म्हणाले, आम्ही कसलं गाव बघतोय, फाटकासमोर दारूचा गुत्ता आणि शेजारी किरकोळ सामानाचं दुकान होतं, तिथून पुढे कोणी गेलंच नाही. त्याला आम्ही काय सांगणार होतो?

मला राग आला, बाबा. काकांपाशी नाही, घरी येऊन आला. वाटलं, जे नव्हतंच ते बघायला मी नवऱ्याचा फंड घेऊन निघाले होते. वैनींच्या मुलीला पत्र लिहायला घेतलं की माझं येणं रद्द. दोन ओळी लिहिल्या. गॅलरीतली रांगोळी मात्र मी पुसली नाही. तिच्यावरून कोणी जाऊ नये म्हणून वैनींनी कडेला पाट आडवा लावून ठेवला होता. 

दुसऱ्या दिवशी हरताळ होता. पहाटे भोंगा झाला नाही, त्यामुळे जाग येऊनही सकाळ झाल्यासारखी वाटत नव्हती. गड्यांना लवकर वाढून टाकलं, ते सभेला गेले. पत्र पुरं करायला बसले आणि ते तसंच ठेवून खाली उतरले. रस्त्यावर कोणी नाही. ट्राम नाही, हातगाडी नाही, दुकानांच्या फळ्या लागलेल्या, भिंतीवर चुन्याची अक्षरं, आणि सगळीकडे स्वच्छ पांढरं ऊन. आवाज नसला की गाव किती रुंद होतं. मी चाळीच्या फाटकातून निघाले. उजव्या हाताला घड्याळ. फाट्याच्या टोकावर इराण्याचं दार बंद, पण काचेतून टेबलं दिसत होती, खुर्च्या वर उलट्या ठेवलेल्या, संगमरवरावर उन्हाचा एक चौकोन. गल्ल्यामागे मला एक म्हातारी मडम बसलेली दिसली म्हणाल तर दिसली. तिच्यापुढे बशीत दोन बिस्किटं होती. बशीजवळ तुम्ही होता, अंगात कोट, टोपी हातात. तुमच्याशेजारी माझे यजमान, पाय पसरून ऐकत. मी काचेला हात लावून थोडा वेळ उभी राहिले. नाक्यावर पोलिसांची गाडी होती, त्यातल्या एकाने विचारलं, बाई, कुठे निघालात? लंडनला, हे खरं तोंडात येत होतं. मी म्हटलं, इथेच, पुलापर्यंत.

कुंड बुजलंय, तिथे एक दगड राहिला आहे. चढ चढले. पुलाच्या मधोमध उभी राहिले आणि खाली बघितलं. रुळांवर काही नव्हतं. उन्हात ते दोन्हीकडे चमकत लांब गेले होते, आणि इतक्या लांबून बघितलं तर पाणीच. तुम्ही काही खोटं सांगितलं नव्हतंत असं तेव्हा वाटलं. बोटीच्या कठड्याशी उभं राहून, थंडीत, समोर न दिसणाऱ्या गावात तुम्ही आपलेच रस्ते घातलेत, कारण मी घरी विचारणार होते. आणि झाडांचं विचारलं तेव्हा ओरडलात. आपल्या त्या वाटेवर एकही झाड नाही, बाबा. तुम्हाला उत्तर कुठून मिळणार? ते उत्तर देणं राहून गेलंय, आणि आता ते आणणारं दुसरं कोणी नाही.

तुम्हाला लिहिलेलं हे पत्र टाकायला पेटी नाही, म्हणून वहीतच राहू दे. पण एक कबूल करायचं आहे. पुलावरून घरी आले तेव्हा वैनी दारातच होत्या. घोडपदेवच्या काकांनी काय सांगितलं, असं त्यांनी हळूच विचारलं. मी म्हटलं, "काका म्हणाले, बाबांनी सगळं गाव पायी पालथं घातलं होतं." त्यांनी मान डोलावली. माझा आवाज जरासुद्धा हलला नाही. तुमचीच मुलगी मी.

दुसऱ्या दिवशी दुकानं उघडली. सकाळी मी भांडी घासली, शेगडी रचली, वैनींच्या मुलीला लिहिलेलं ते अर्धं पत्र तिच्यात घातलं, गड्यांचं जेवण वैनींवर सोपवलं आणि जुन्या बाजारात जाऊन एक काळा लोकरीचा कोट घेतला. दुकानदार माझ्या मापाचा शोधत होता. मी तुमच्या मापाचा घेतला.