नाव सांगतलं नाई

६ जानेवारी
ह्यायची जमानत झाली, वकिलाचा फोन आला. तीन वर्षं झाली, हे यवतमाळच्या जेलात. वावराच्या धुऱ्याच्या, बांधाच्या भांडणात एकाचं डोस्कं फोडलतं. सासूबाई साऱ्या दारव्ह्यात पेढे वाटून राह्यल्या. मले धडकी भरली.

९ जाने.
ही वही लपवूनच लिवते. भेटीले यवतमाळले ज्या काळीपिवळीनं जात होती, तिचा डायव्हर गजू. पयले नुसतं बोलणं. मंग दुसऱ्या वर्षी... यंदाच्या दिवाळीपर्यंत चाललं. एकटी होती, एवढंच. त्याच्या बायकोले एचआयव्ही निघाला समजलं, तशी मी गुपचूप तपासून आली. मलेबी आहे. गोळ्या सुरू. गजूचा फोन बंद.

१४ जाने.
हे आले. लय वाळले. हात धरला. म्या म्हटलं, अडचण आहे.

१९ जाने.
सासूबाई ह्यायले म्हणे, "जेलात काय काय चालते, मले मालूम आहे. पयले तपासून ये, मंगच सुनेजवळ जाय." माह्या भल्यासाठीच बोलल्या. हे खाली पाहत बसले.

२२ जाने.
ह्यायनं घरामागं नेलं. "बराकीत एक जण होता माह्यासंगं. तीन वर्षं लय असतात वं. तुले माह्यापासून काई झालं तं..." रडले. तवाच सांगाचं होतं.

२७ जाने.
रिपोर्ट आला. ह्यायले काईच नाई. सासूबाईनं कागद देवापुढं ठेवला. आता नातू पाह्यजे म्हणे. हे हसत जवळ आले. थकली म्हटलं. किती दिवस टाळू?

३० जाने.
दवाखान्यातल्या मॅडमनं निरोध देल्ले. "गोळ्या चुकवू नका. आणि नवऱ्याला सांगा. वाटल्यास इथे घेऊन या, मी समजावते."

२ फेब्रु.
सांगतलं. वावरात, तुरीच्या गंजीजवळ.
"माह्यापासून?" म्हणे.
"नाई. तुमचा तं रिपोर्ट साफ आहे."
मंग समजलं त्यायले. मारलं नाई. मारलं असतं तं बरं होतं.
"कोन?"
म्या सांगतलं नाई.

५ फेब्रु.
तीन दिवस बोलणं नाई. जेवतात, उठतात. सासूबाई मलेच इचारतात, "काहून गप आहे हा?" नाव घेतलं तं हे त्याले सोडणार नाईत, परत आत जातीन. नाई घेतलं तं हे असंच. आज सकाळी म्हणे, "चाल, येतो तुह्या मॅडमकडं. पन पयले नाव."
लुगडं बदलून बसली आहे. हे दाराबाहेर उभे.