शब्द न टाकता मिळालेली नोकरी

प्रिय अप्पा,

‘तीर्थरूप’ लिहायला हवं, ठाऊक आहे. पण आज मी इतकी चिडलेय की तेवढा आदर अंगात नाही. तुम्ही गेल्यावर पहिल्यांदाच लिहितेय, तेही भांडायला.

झालं असं, की मला नोकरी लागली. फायनान्स कंपनीत, कर्ज मंजूर करणाऱ्या विभागात. सोमवारी रुजू व्हायचंय. पेढे घेऊन सायखेड्याला नानाकाकांकडे गेले, तर तुमच्या फोटोपुढे पेढा ठेवत काका म्हणाले, “आप्पांनी वर बसून शब्द टाकला, तव्हा कुठं पोरीला लागली.” सगळ्यांनी माना डोलावल्या. काकूंनी तर डोळे पुसले. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

शब्द! आयुष्यभर तुम्ही दुसरं केलंत काय? जिल्हा परिषदेत कारकुनी करून तुमची एक खात्री झाली होती, की काम ओळखीनंच होतं. अकरावीला माझं नाव गुणांवर यादीत लागलं होतं, तरी तुम्ही कुठल्याशा साहेबांना भेटून आलात. मग वर्षभर येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत राहिलात, साहेबांनी काम केलं. माझे गुण कुठे गेले, अप्पा?

सी.ए.च्या इंटरला मी दोनदा आपटले, तेव्हा तुम्ही पेपर तपासणारं कोणी ओळखीचं निघतं का ते शोधत होतात. मी अंबडच्या एका कारखान्यात बिलं नोंदवायची आणि उरलेल्या वेळात अभ्यास करायची. तिसऱ्यांदा पास झाले. मग मुलाखती. कुणाला माझं इंग्रजी खटकलं, कुणाला अनुभव कमी वाटला, एकानं तर लग्न कधी करणार तेच विचारलं. तरी अर्ज करत राहिले. ते सगळं सोसलं. पण ती द्राक्षं नाही सोसली गेली.

आठवतंय ना? कॉलेज रोडवरच्या त्या कंपनीच्या लेखी परीक्षेत मी पहिली आले होते. मुलाखत तेवढी राहिली होती. आत गेले, तर मुलाखत घेणाऱ्या मॅडमच्या टेबलावर द्राक्षांची पेटी. नानाकाकांच्या बागेतली, लांबूनच ओळखली. मॅडम शांतपणे म्हणाल्या, “काल तुमचे वडील माझ्या घरी हे ठेवून गेले. आता मी तुमची मुलाखत घेऊ शकत नाही. पेटी घेऊन जा.”

मुलाखत घेणाऱ्याच्या घरी काहीही पोचलं की आमच्या या क्षेत्रात ती लाच असते. मग ती द्राक्षं असोत नाहीतर सोनं. सिडकोतल्या घरापर्यंत रिक्षात मी ती पेटी मांडीवर घेऊन आले. रडलेसुद्धा नाही.

आणि तुम्ही काय म्हणालात? “द्राक्षं होती गं, पाकीट थोडंच होतं? हंगामात आपण कोणाला देत नाही?” देतो ना. डॉक्टरला देतो, मास्तरांना देतो, वायरमनला देतो. पण दूधवाल्याकडून मॅडमच्या घराचा पत्ता काढून, मुलाखतीच्या आदल्या दिवशी नाही देत! वर तुम्ही ती धुऊन ताटलीत घेतलीत आणि माझ्यापुढे सरकवून म्हणालात, गोड आहेत, खा. इतका राग मला कधीच कोणाचा आला नव्हता.

त्यानंतर तुम्ही विषयच काढला नाहीत. ना चुकलं म्हणालात, ना पुढं काय ते विचारलंत. आणि एक दिवस छातीत दुखायचं निमित्त झालं आणि संपलं सगळं. बरं जमलं तुम्हाला! भांडण अर्धवट टाकून निघून जायचं.

या वेळच्या मुलाखतीत विचारलं, कंपनीत ओळखीचं कोणी आहे का? कोणी नाही, असं ठणकावून सांगितलं. काय हलकं वाटलं! मग निवड झाल्याचा फोन आला, आणि हे तोंडावर ऐकवायला तुम्ही घरात नव्हतात. त्याचाही मला रागच आला.

आज सायखेड्याहून आले आणि आईपाशी सगळं ओकले. ती मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “त्यांना तुझ्या अभ्यासातलं काही कळत नव्हतं गं. येत होतं तेवढं त्यांनी केलं.”

हे ऐकून राग जायला हवा होता ना? उलट भडकला. कळत नव्हतं, तर विचारायचं! मी शेजारच्याच खोलीत असायची. ताळेबंद कसा वाचायचा, कर्ज कोणाला द्यायचं आणि कोणाला नाही हे कसं ठरतं, सगळं सांगितलं असतं. आवडलं असतं मला सांगायला. माझ्यासाठी अख्ख्या नाशकातली दारं वाजवलीत अप्पा, एक माझं सोडून.

तर आता ऐका. सोमवारपासून रोज कामावरून आले की तुमच्या फोटोसमोर बसून मी दिवसभराचं सांगणार आहे. काय शिकले, कुठे चुकले, साहेब काय बोलले, सगळं. समजलं नाही तर पुन्हा सांगेन, हे माझं वचन. तुम्ही फक्त ऐकायचं. मध्येच चपला घालून कोणाला भेटायला निघायचं नाही.

तुमचीच, अजून चिडलेली,
मनीषा