संध्याकाळचा तवा

२ जानेवारी
दिवाळीपासून वहीला हात नाही. माफी असावी. सबब शोधली, सापडली नाही.
गेल्या महिन्यात बचत गटात मीच इंधन वाचवण्यावर बोलले होते. येताना वाटलं, आपण तरी कुठं करतो? तेव्हापासून डाळ आधी भिजत, पातेल्यावर झाकण, शिट्टी झाली की आच बारीक. दोन्ही वेळच्या भाकरी सकाळीच. तवा एकदाच तापतो. सिलिंडर खरंच जास्त पुरतोय. ह्यांना सांगितलं. "बरं." पेपरातून मान वर नाही.

५ जानेवारी
आत्याबाईंनी रात्रीचं ताट आजही बाजूला सारलं. "भूक न्हाई गं." ह्यांना म्हटलं, तुमच्या आईला डॉक्टरकडं न्या. संध्याकाळी समोरच्या शांताकाकूंकडं हरिपाठाला मात्र न चुकता जातात.

९ जानेवारी
गिरणीत शांताकाकू भेटल्या. सगळ्या बायकांदेखत –
"काय ओ, एवढी शिकलेली सून, अन् सासू माझ्या चुलीपुढं! हरिपाठ झाला की म्हणत्यात, एक गरम भाकर टाक गं, आमच्या घरी गॅस झोपलाय."
लय हसल्या सगळ्या. मीही हसले. दळण उचलून घरी.
राग कशाचा आला? आत्याबाई अर्धपोटी राहिल्या याचा, की चारचौघींत कळलं याचा? खरं लिहायचं तर आधी दुसऱ्याचा.
सकाळची ज्वारीची भाकरी संध्याकाळी कडक होते. त्यांचे दात मला माहीत नव्हते? आणि वाचलं तरी काय. आमचा गॅस वाचला, शांताकाकूंची लाकडं जळली.

१० जानेवारी
आत्याबाई हरिपाठाहून आल्या तेव्हा भाकरी तव्यावर टम्म फुगलेली. ताटात वाढली. त्यांनी बोटानं पापुद्रा दाबून पाहिला.
"आता कशाला गॅस जाळलास? खाऊन आले मी."
"इथंच खात जा ना, आत्याबाई."
"अन् तुझ्या बचतीचं?"
म्हटलं, झाकण, भिजवण चालूच राहील. संध्याकाळच्या तेवढ्या गरम.
"बघू." ताट पुढं सरकवलं. "त्याला दे."
ह्यांनी खाल्ली. "आज भाकर लय भारी झाली." म्हणजे हेही महिनाभर गप्प होते.
आत्याबाई हसल्या की नाही, नीट दिसलं नाही. उद्या जेवतील का, सांगता येत नाही.

उद्या: त्या हरिपाठाला निघायच्या आत तवा ठेवणे.